कोपऱ्यात मावेल एवढा पत्ता

नूरजहांबीला राग येतो, हे जळगाव जामोदात कुणाला सांगावं लागत नाही. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाचा येतो, ओला कापूस गळ्यात मारणाऱ्या व्यापाऱ्याचा येतो, आणि ती टाके घालत असताना कुणी मध्येच बोललं तर त्याची खैर नसते. नवरा रज्जाक मात्र शांत माणूस. घराण्याचा धंदा पिंजाऱ्याचा. त्याने ओट्यावरच्या मशीनवर कापूस पिंजायचा आणि तिने तो खोळीत सारखा पसरून टाके घालायचे, ही वाटणी लग्नापासून ठरलेली. कापूस काय, कोणीही भरील, रजई म्हणजे टाका, असं ती त्याच्या तोंडावर म्हणते आणि तो मान डोलावून कामाला लागतो.

या घराची एक रीत आहे. रजई पुरी झाली की पायाकडच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने खूण करायची. सासूने ती शिकवली तेव्हाच बजावून सांगितलं होतं की ही खूण शोभेसाठी नाही. टाका तुटला, कापूस सरकला, तर गिऱ्हाइकाने खूण पाहून आपल्या दारात यावं आणि आपण तोंड वाकडं न करता रजई उकलून पुन्हा भरून द्यावी, त्यासाठी आहे. नूरजहांबीने ही रीत इतकी वर्षं इमानदारीने पाळली. म्हणूनच जे झालं ते तिला इतकं झोंबलं.

दोन वर्षांपूर्वी खामगावचा जाकीरशेठ घरी आला. त्याचं गाद्यांचं मोठं दुकान, वऱ्हाड बेडिंग बाजार. गोड बोलण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. चहा पिता पिता म्हणाला, "भाभी, तुमच्या रजया मी माह्या वेबसाइटवर ठेवतो. तुमचं आपलं वेगळं पान. पुण्याचा माणूस असो का नागपूरचा, घरबसल्या मागवील." जाताना त्याने नूरजहांबीचा टाके घालतानाचा एक फोटो काढून घेतला आणि तिच्या पानाचा पत्ता एका चिठ्ठीवर देऊन गेला.

पत्ता कसला, रेल्वेची मालगाडी होती. आधी दुकानाचं लांबलचक नाव, मग डॉट कॉम, मग तिरपी रेघ, मग सेलर, पुन्हा रेघ, मग एक आकडा, प्रश्नचिन्ह, बरोबरचं चिन्ह, आणखी आकडे, आणि शेवटी कशाचा कशाशी मेळ नाही अशी अक्षरं. मुलगी अदीबा रोज बसने जाऊन-येऊन खामगावच्या एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसते, तिलासुद्धा तो वाचताना मध्ये एकदा थांबावं लागलं. फोनवर कुणाला सांगायचा म्हटला तर पोळी तव्यावर करपून जावी.

पण नूरजहांबीला त्यात आपली रीत दिसली. लाल खूण गावातल्या माणसाला दार दाखवते, पुण्याच्या माणसाला ती काय सांगणार? तेव्हा खुणेच्या जागी हा पत्ताच शिवायचा, असं तिने ठरवलं. इंग्रजी तिला वाचता येत नाही. वेलबुट्टी पाहून उतरवावी तशी तिने ती अक्षरं चिठ्ठीवरून कोपऱ्यात उतरवली. डॉट कॉमपर्यंत आली आणि कोपरा संपला.

आता कोपरा काही रबराचा नसतो. पुढे शिवावं तर अक्षरं टाक्यांच्या ओळीत घुसत होती, बारीक करावी तर दोऱ्याचा गुंता दिसत होता. तिने जाकीरशेठला फोन लावून विचारलं. तो म्हणाला, "जेवढं मावते तेवढं घ्या, भाभी. दुकानाचं नाव आलं म्हंजे झालं. पुढचं सारं कॉम्प्युटर पाहून घेते." तिने विश्वास ठेवला. अदीबाला विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही, कारण आपल्या टाक्यांबद्दल तिने कुणालाच कधी काही विचारलेलं नव्हतं. त्या दिवसापासून घरातून गेलेल्या प्रत्येक रजईच्या कोपऱ्यात अर्धा पत्ता गेला.

गेल्या थंडीत बाजाराच्या दिवशी त्याचं बिंग फुटलं.

रज्जाक आणि नूरजहांबी दुकान मांडून बसले होते. शेजारी गोजरबाई नेहमीसारखी लसूण घेऊन बसलेली. तेवढ्यात अन्नपूर्णाबाई आल्या. अर्जुनराव किराणावाल्यांची बायको, गावात त्यांच्या शब्दाला वजन. मुलाच्या लग्नात त्यांनी सगळ्या रजया नूरजहांबीकडूनच शिवून घेतल्या होत्या. त्या हसत येतील म्हणून नूरजहांबीने बसायला पाट सरकवला, तर त्यांनी काखेतलं गाठोडं तिच्या पुढ्यात आपटलं. लहान बाळाची रजई होती.

"हे घे नूरजहांबी, तुह्यी रजई. माह्या लेकीनं, अनुपमानं लेकरासाठी पुण्याले मागवली. महिन्यात गोळे झाले अन् लेकराच्या अंगभर पुरळ उठलं. तुले आमी घरचं समजलो, अन् तू आमालेच फसवलं?"

नूरजहांबीने रजई हातात घेतली. टाके मशीनचे, ओळी एकमेकींपासून वीतभर दूर. तिने ब्लेड काढून तिथेच शिवण उकलली. आतून रंगीबेरंगी चिंध्यांचा भुसा बाहेर आला, कापसाचं बोंडही त्यात कधी पडलेलं नव्हतं.

"काकू, हे माह्यं नाही."

"तुह्यं नाही? लग्नाच्या रजईच्या कोपऱ्यात जो पत्ता तूच शिवला, तोच पोरीनं टाकला. त्याच्यावर तुहा फोटो आहे. मंग तुह्या पत्त्यावर कोन बसलं, भूत?"

 तोवर भोवती बायका जमल्या होत्या. अन्नपूर्णाबाई सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "पाहा वं बायांनो, नाव हाताच्या कामाचं अन् आत चिंध्या. यायच्याजवळून घेताना सांभाळून." आणि निघून गेल्या. कोणीतरी तो भुसा पायाने बाजूला सारला. गोजरबाई लसणाच्या पाकळ्या उगाच खालीवर करत राहिली. नूरजहांबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती कुणावर काढावी हेच तिला कळत नव्हतं.

घरी आल्या आल्या तिने अदीबापुढे आपली रजई टाकली. "इच्यावर जेवढं लिहेल आहे तेवढंच दाब. एक अक्षर जास्ती नाही."

अदीबाने दाबलं. फोनवर जाकीरशेठच्या दुकानाचं पहिलं पान उघडलं. वर नूरजहांबीचा फोटो, हातात सुई, नजर खाली. फोटोखाली मोठ्या अक्षरात, हातची वऱ्हाडी रजई. आणि त्याखाली रांगेने मशीनच्या रजया, बाजारात उकललेल्या रजईसारख्याच. नूरजहांबीच्या खऱ्या रजया कुठे आहेत ते पाहायला अदीबाने जुनी चिठ्ठी शोधून शेपटासकट सगळा पत्ता टाकला. एक अक्षर चुकलं तेव्हा पान नाही म्हणून उत्तर आलं. दुसऱ्यांदा चिठ्ठीवर बोट ठेवून टाकला, तेव्हा कुठे एका कोपऱ्यातल्या पानावर आईच्या रजया दिसल्या.

"अम्मी, तुमी अर्धाच पत्ता शिवला. डॉट कॉमपर्यंत दुकान त्यायचं आहे. तुमचं पान त्याच्या पुढच्या शेपटीत आहे. अन् एवढी शेपटी कोन टाकते? तुमी नसती तोडली तरी लोकायनं तोडलीच असती. सारेच दुकानात उतरतात अन् समोर जे दिसलं ते घेतात."

"म्हंजे गिऱ्हाईक माह्या रजईवरून निंगते अन् त्याच्या घरी पोचते."

"हाव."

"अन् त्याले हे ठाऊक होतं."

 जेवढं मावते तेवढं घ्या, असं म्हणणाऱ्याला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, हे सांगायला कॉम्प्युटर शिकावा लागत नाही. आपल्याच हातांनी, आपल्याच दोऱ्याने, एकेक अक्षर वेलबुट्टीसारखं सजवून आपण दुसऱ्याच्या दुकानाची पाटी घरोघर पोचवली, हे नूरजहांबीला कळलं. त्या संध्याकाळी रज्जाकने दोनदा जेवायला बोलावलं आणि दोनदा शिव्या खाल्ल्या, बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

दुसऱ्या दिवशी ती खामगावला गेली. जाकीरशेठने खुर्ची दिली, चहा मागवला. "भाभी, पत्ता काय मी बनवतो? तो मशीन बनवते. सगळ्या मोठ्या कंपन्यायचे पत्ते असेच लंबे असतात. अन् गिऱ्हाईक आपल्या मर्जीनं घेते, आपण काय हात धरतो का?"

"माहा फोटो दुकानाच्या पानावरून काढ."

"काढतो ना. पोरगा आला की सांगतो."

"आता काढ."

तो हसला. चहा आला, तिने घेतला नाही. दुकानात एक जोडपं रजया पाहत होतं. नूरजहांबी उठली, त्यांच्या समोरची रजई उचलली, पिशवीतलं ब्लेड काढलं आणि शांतपणे शिवण उकलून आतला भुसा गल्ल्यावर ठेवला. जोडपं बाहेर पडलं. दुसरी रजई उचलल्यावर जाकीरशेठचं हसू गेलं आणि तिसरीला हात घालायच्या आत त्याने स्वतःच फोनवरून फोटो काढून टाकला. तिने तो गेल्याचं दोनदा पाहून घेतलं. तिचं पानही त्याच वेळी गेलं, पण त्याचं तिला काही वाटलं नाही.

आता नवा पत्ता हवा होता, स्वतःचा. अदीबा म्हणाली की नाव घ्यायला फार काही लागत नाही, ते ठरवायला लागतं. आणि घरात भांडण जुंपलं. इतकी वर्षं न बोललेला रज्जाक नेमका याच वेळी बोलला. त्याला आपलं नाव हवं होतं, वडिलांचं हवं होतं, पिंजारी हवं होतं, जळगाव जामोद तर हवंच होतं, आणि जमलं तर बसस्टँडजवळ हेही.

"मंग रजई नको, सतरंजी शिवतो मी," नूरजहांबी म्हणाली. "ते सारं लिहाले तेवढा कपडा लागते."

ती पुढे म्हणाली की नुसतं रजई ठेव. अदीबाने पाहिलं, ते कुणीतरी कधीच घेतलेलं होतं. मग नूर ठेव, असं रज्जाक म्हणाला. यावर मायलेकी दोघी त्याच्यावर तुटून पडल्या. नूर म्हणजे काय, अत्तर का दिवा, कोणाला कळणार? पत्ता आखूड तर हवा, पण तो ऐकून आत काय मिळतं तेही कळायला हवं. बराच वेळ हुज्जत चालली आणि मग नूरजहांबीने चिडून म्हटलं, "बाजारात लोकं काय म्हनतात मले? नूरच्या रजया. तेच ठेव, अन् गप बस दोघंही."

नूररजई डॉट इन. अदीबाने ते कागदावर लिहून दिलं. नूरजहांबीने कोपऱ्यावर शिवून पाहिलं तर पत्ता पुरा आला आणि पुढे चार बोटं जागा उरली. अदीबाने आतल्या पानांचे पत्तेही तसेच केले. लग्नाच्या रजयांसाठी पुढे तिरपी रेघ आणि लग्न, लेकरांच्या रजयांसाठी रेघ आणि बाळ. आकडा नाही, प्रश्नचिन्ह नाही. फोनवर गिऱ्हाइकाने विचारलं तर नूरजहांबी टाका न थांबवता सांगू शकत होती, आणि पहिल्यांदा सांगितलं तेव्हा समोरच्या बाईने तो पुन्हा विचारलासुद्धा नाही.

पण शिवून गेलेल्या रजयांचं काय? रज्जाक म्हणाला, जाऊ दे. नूरजहांबीला जाऊ देणं कधी जमलेलं नाही. ब्लेड, सुई आणि लाल दोरा घेऊन ती घरोघर निघाली. ओट्यावर बसायची, रजई मागायची, जुनी अक्षरं उसवायची आणि नवी घालायची. काही बायकांनी पाणी दिलं. काहींनी, राहू द्या ना, चांगलं तर दिसते, असं म्हटलं, आणि त्यांना तिने असं पाहिलं की त्यांनी मुकाट्याने रजई आणून दिली. परगावी गेलेल्यांना अदीबाने फोन करून कळवलं. आपणच घातलेला टाका उसवताना बाईला जो राग येतो तो फार वाईट असतो, कारण तो काढायला समोर कोणी नसतं.

अन्नपूर्णाबाईंकडेही ती गेली. त्यांनी लग्नातल्या रजया दिल्या, नूरजहांबीने सगळी हकीकत सांगितली, कोपरे नीट केले, आणि अनुपमाचा पुण्याचा पत्ता मागून घेतला. पुढच्या आठवड्यात खऱ्या कापसाची, मऊ मलमलची बाळाची रजई पुण्याला गेली. अन्नपूर्णाबाई त्या दिवशी एवढंच म्हणाल्या होत्या, "बरं. असं झालं तर."

हे बरं नूरजहांबीला सलत राहिलं. कारण बाजारात काही बदललं नव्हतं. बायका दुकानाशी थांबायच्या, रजई दाबून पाहायच्या, आणि आत काय भरलंय ते जरा दाखवा ना, असं म्हणायच्या. ज्यांच्या मायांच्या रजया तिने शिवल्या, त्या पोरी तिला शिवण उकलायला सांगत होत्या. ती उकलून दाखवायची. नवा पत्ता परगावच्या माणसाला बरोबर दारात आणत होता, पण चार पावलांवरच्या बाजारात ती अजून चिंध्या भरणारी बाई होती.

उन्हाळा लागता लागता, बाजाराच्याच दिवशी, ती सकाळी लवकर खामगावहून खोळीचं कापड घेऊन परत येत होती. बस शेगाववरून, वरवट बकालमार्गे. शेगावला रेल्वेतून उतरलेली माणसं चढली, त्यात दोन पिशव्या घेऊन अन्नपूर्णाबाई होत्या, पुण्याहून लेकीकडून आलेल्या. नूरजहांबीचा चेहरा नकाबात होता आणि ती दोन सीट मागे होती. अन्नपूर्णाबाईंनी तिला ओळखलं नाही, आणि तिने आपण होऊन ओळख द्यायचं काही कारण नव्हतं.

अन्नपूर्णाबाईंच्या शेजारी वरवट बकालची एक बाई बसली होती, तानुबाई. मुलीचं लग्न ठरलं होतं, भांड्यांपासून सगळं बोलून झालं आणि गोष्ट रजयांवर आली. बसच्या खिडक्या खडखडत होत्या, दोघी ओरडूनच बोलत होत्या.

"रजया मात्र जळगावच्या नूरजहांबीकडूनच घे. माह्या नातवाले तिनं पाठवली, लेकरू त्याच्याशिवाय झोपत नाही."

"पत्ता लिहून द्या ना मंग. कागद आहे का?"

"लिहाले कायले लागते? नूररजई डॉट इन. नूर, अन् रजई. लग्नाच्या पाह्यजे तर पुढं तिरपी रेघ मारून लग्न. झालं."

"नूररजई डॉट इन," तानुबाई म्हणाली. "अन् बाई कशी आहे? कामात खोट तं नाही?"

अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "बाई खरी आहे. मीच तिले एकदा भर बाजारात फसवणारी म्हनली. चूक माह्यी होती."

वरवट बकाल आलं. नूररजई डॉट इन, तिरपी रेघ, लग्न, असं पुटपुटत तानुबाई खाली उतरली. नूरजहांबी उठली आणि तिच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली. नकाब वर केला.

"काकू."

अन्नपूर्णाबाई दचकल्या. "तू कवा चढली वं?"

"खामगावहून. सारं ऐकलं."

"मंग बरं झालं. राग गेला ना आता?"

"नाही."

अन्नपूर्णाबाईंनी पदराने कपाळ पुसलं.

"फसवणारी म्हनलं ते बाजारात म्हनलं तुमी," नूरजहांबी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो अधिकच कठीण लागत होता. "अन् चूक सांगतली कोनाले, बसमधल्या अनोळखी बाईले. बाजारातल्या बाया अजून माह्या रजयायची शिवण उकलाले लावतात मले."

"अर्धा पत्ता तं तूच शिवला होता ना, नूरजहांबी?"

"हाव, मीच शिवला. अन् घरोघर जाऊन मीच उसवला. तुमी जे बोलल्या ते मले उसवता येत नाही. ते तुमालेच उसवा लागन."

अन्नपूर्णाबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. जळगाव जवळ आलं. नूरजहांबीला वाटलं, म्हातारी आता स्टँडवर उतरून रिक्षा करून घरी जाईल, आणि आपण बोललो ते वाऱ्यावर गेलं. तिला आपल्या डोळ्यांत पाणी येतंय असं वाटलं आणि त्याचाही राग आला.

स्टँडवर रिक्षावाला अन्नपूर्णाबाईंच्या पिशव्या घ्यायला पुढे झाला. त्यांनी त्याला हातानेच नको म्हटलं, एक पिशवी नूरजहांबीच्या हातात दिली आणि घराकडचा रस्ता सोडून बाजाराच्या दिशेने चालू लागल्या. ऊन चढलं होतं, गर्दी दाटली होती. रज्जाकने त्या दोघींना एकत्र येताना पाहिलं आणि तो उभा राहिला. नूरजहांबी मुद्दाम जरा मागे थांबली.

अन्नपूर्णाबाईंनी दुकानासमोर पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला, आणि लसूणवालीला हाक मारली, "गोजरबाई, इकडे या जरा. अन् त्या दिवशी ज्या ज्या होत्या, साऱ्याले बोलवा. मले सांगायचं आहे काही."